पिन ओक कोर्टात

कोल्हापूर,
रविवार, दुपारची वेळ

प्रिय माले,

“काल सुनेबरोबर पिन ओक कोर्टात जाऊन आले,” एवढंच लिहून तू गप्प बसलीस आणि इथं माझा जीव टांगणीला लागला. म्हटलं, मेलबर्नला जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर हिला कुणी कोर्टात खेचलं? व्हिसाची भानगड, की सुनेशी वाजलं? दोन तास तुझा फोन लागेना. मग फोटो आला. पुढे रस्ताच नसलेली एक गल्ली, सहा घरं, कातरून ठेवल्यासारखी हिरवळ, आणि मधोमध तू. साडीवर लेकाचं जॅकेट, पायात बूट, चेहऱ्यावर ‘मला इथं का आणलंय’ असा भाव. कोर्ट म्हणजे असली बंद गल्ली, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

आणि खाली तुझा प्रश्न : “इथं लोक लांबून लांबून फोटो काढायला येतात. कुणी कायली म्हणून होती म्हणे. तुला ठाऊक आहे का?”

ठाऊक आहे का! अगं, पंच्याहत्तर नंबरच्या ट्रामनं शेवटच्या स्टॉपवर, व्हर्माँट साउथला उतरून तू जिथं पोचलीस, त्या गल्लीसाठी मी तुझ्या जागी असते तर पायात चपला न घालता गेले असते. देव दात नसलेल्याला चणे देतो ते हे असं. आता बस चहा घेऊन. सगळं सांगते. तुझी नात झोपली असेल तर बरं, नाहीतर हे पत्र तू तीन हप्त्यांत वाचशील.

तुला माझे बाबा आणि उद्यमनगरातलं आमचं गॅरेज आठवत असेलच. १९८९ साली दादा मस्कतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं टू-इन-वन आणि चार-पाच कॅसेटी आणल्या. त्यातल्या एकीवर कुरळ्या केसांची, खूप दात दाखवून हसणारी एक मुलगी होती. घरात आईनं ती वाजवू दिली नाही, म्हणून टू-इन-वन गॅरेजात गेला. बाबा बॉनेटखाली वाकलेले, पोरं जॅक लावतायत आणि मागं ही बया ठणाठणा गातेय. बाबांना इंग्रजीचा एक शब्द कळत नसे, पण एकदा म्हणाले, “ह्या पोरीच्या गाण्यात काही खडखड नाही. इंजिन एकसारखं चालतंय.” मला वाटतं, तिच्यावर एवढी नेमकी टीका नंतर कुणी लिहिली नसेल.

ती कायली मिनोग. आपल्याच वर्षाची, माले. २८ मे १९६८, जन्म मेलबर्नचा. वडील हिशेबनीस. आई वेल्समधून लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेली, पूर्वी बॅले नाचणारी. तीन भावंडांत ही थोरली. पण घरातली ‘स्टार’ ही नव्हतीच, धाकटी डॅनी होती. मुलांच्या गाण्या-नाचण्याचा एक कार्यक्रम तिकडे फार लोकप्रिय होता, ‘यंग टॅलेंट टाइम’ नावाचा, त्यात डॅनी दर आठवड्याला घराघरांत दिसायची. थोरलीनं अकराव्या वर्षी ‘द सलिव्हन्स’ मालिकेत एका डच पोरक्या मुलीचं काम केलं होतं, आणखी एक-दोन किरकोळ कामं केली, पण रस्त्यात लोक ओळखायचे ते डॅनीला. धाकटीच्या मागं उभं राहून फोटोत यायचं, हे आपल्याकडच्या थोरल्या बहिणींना शिकवावं लागत नाही, पण कौतुकाच्या बाबतीत ते जरा जास्तच लागतं. १९८५ मध्ये ‘द हेंडरसन किड्स’ नावाच्या मालिकेत तिला बऱ्यापैकी भूमिका मिळाली आणि दुसऱ्या भागाच्या वेळी वगळलंही. सतराव्या वर्षीच नारळ!

आता तुझी ती गल्ली. तिथली मालिका ‘नेबर्स’. नेबर्स म्हणजे शेजारी, नावातच सगळं आलं. एका गल्लीतली चार घरं, त्यांची भांडणं, लग्नं, अपघात, आठवण जाणं, आठवण येणं. आपल्याला नव्यानं काय सांगायचं, आपण त्यातच जगतो. पडद्यावर त्या गल्लीचं नाव रामसे स्ट्रीट, प्रत्यक्षात तुझी पिन ओक कोर्ट. मार्च १९८५ मध्ये मालिका सुरू झाली आणि काही महिन्यांतच त्या वाहिनीनं तिला गुंडाळून टाकलं. १९८६ च्या सुरुवातीला दुसऱ्या वाहिनीनं ती उचलली आणि तरुण पोरं भरायला घेतली. त्यात ही आली, आठवड्याभराच्या कामाच्या बोलीवर. एप्रिल १९८६ मध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली ती कशी? आपल्याच घरात खिडकीतून शिरताना. शेजारचा स्कॉट तिला चोर समजून पकडतो आणि ही त्याला गुद्दा मारते. आठवड्याची बोली दोन वर्षांवर गेली.

आणि तिचं त्यात काम काय, माहीत आहे? मेकॅनिक! शार्लीन नावाची ही पोरगी शाळा सोडते आणि गॅरेजमध्ये उमेदवारी करते. अंगात तो एकसंध कामाचा डगला, गालाला ग्रीस, हातात पान्हा. जेमतेम पाच फूट उंची. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते फार उशिरा. भाच्यानं कॉम्प्युटरवर जुने तुकडे काढून दाखवले तेव्हा. माले, तुला खोटं वाटेल, पण मला रडू आलं. आमच्या गॅरेजात मी सहा वर्षं बसले, पण वहीच्या मागे. क्लच प्लेट कुठली, गॅस्केट कुठलं, कुणाची किती उधारी, सगळं माझ्या तोंडपाठ. पण गाडीखाली जायला मला कधी कुणी दिलं नाही. “पोरीच्या जातीनं...” हे वाक्य पुरं करायची तरी कुणाला गरज होती? आणि त्याच वर्षांत तिकडे कुणीतरी एका पोरीच्या हातात पान्हा देऊन तिला लाखो लोकांसमोर उभं केलं होतं, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं.

स्कॉटचं काम करणारा जेसन डोनोव्हन आणि ही, खरोखरही प्रेमात असल्याची कुजबुज होती, आणि ती खरीच होती. मालिकेतलं त्यांचं लग्न १९८७ च्या जुलैत ऑस्ट्रेलियानं पाहिलं. ब्रिटनमध्ये मालिका वर्षभराहून जास्त मागं चालायची, तिथं ते लग्न नोव्हेंबर १९८८ मध्ये लागलं आणि पाहायला जवळपास दोन कोटी माणसं बसली. म्हणजे दर तीन ब्रिटिशांमागे एक वऱ्हाडी! राज्य केलेल्या साहेबाला आपल्या वसाहतीतल्या मेकॅनिक पोरीच्या अक्षतांना बसावं लागलं, हा माझा शेरा. तिकडच्या टीव्हीचा सगळ्यात मोठा पुरस्कार, गोल्ड लोगी, तिला एकोणिसाव्या वर्षी मिळाला. तोवर इतक्या लहान वयात तो कुणालाही मिळाला नव्हता.

आता गाणं. हे कसं झालं ते ऐक, कारण यात ‘मोठेपणी गायिका व्हायचं स्वप्न’ वगैरे काही नाही. मेलबर्नमधल्या फिट्झरॉय फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी एक कार्यक्रम होता. मालिकेतली मंडळी तिथं गेली, हिनं एक द्वंद्वगीत म्हटलं, लोकांनी ‘आणखी एक’ म्हणून गिल्ला केला, आणि तयारी एवढीच म्हणून हिनं साठच्या दशकातलं ‘द लोको-मोशन’ म्हटलं. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात असं होतं तसं. मशरूम नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं ते रेकॉर्ड केलं. १९८७ मध्ये ते सात आठवडे ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्या दशकात तिथं सगळ्यात जास्त खपलेली सिंगल तीच ठरली.

मग तिला लंडनला धाडलं. तिथं स्टॉक, एटकन आणि वॉटरमन असं त्रिकूट होतं, एकामागून एक गाणी पाडणारं. त्यांच्या स्टुडिओला लोक ‘हिट फॅक्टरी’च म्हणायचे. पण ही येणार आहे हेच ते विसरून गेले होते! ती आठवडाभर लंडनमध्ये वाट बघत बसली. परतीच्या विमानाला काही तास उरले तेव्हा कुणाला तरी आठवलं की ऑस्ट्रेलियाची एक नटी बाहेर बसलीय. तिला बाहेरच ठेवून चाळीस मिनिटांत त्यांनी गाणं लिहिलं, एकेक ओळ तिच्या हातात देत तिच्याकडून गाऊन घेतली आणि तिला रवाना केलं. ‘आय शुड बी सो लकी’. ब्रिटनमध्ये १९८८ च्या फेब्रुवारीत पहिल्या क्रमांकावर चढलं आणि पाच आठवडे हललं नाही. मग धावपळ. दुसरं गाणं हवं तर आता बाई कुठं आहेत? मेलबर्नला, चित्रीकरणात. तेव्हा त्या त्रिकुटातल्या माइक स्टॉकला विमानात बसून जावं लागलं आणि आधी तिची माफी मागावी लागली. हा किस्सा त्यानंच पुढे सांगितलाय. मला यातलं सगळ्यात आवडतं ते तिचं वाट बघणं. एकोणीस वर्षांची पोरगी, आपल्या देशात रस्त्यावर फिरता येत नाही एवढी प्रसिद्ध, आणि परक्या शहरात बाकावर बसून आहे. चिडून निघून गेली असती तर?

दादानं मस्कतहून आणलेली ती कॅसेट हीच, त्या फॅक्टरीतली.

आणि इथून चेष्टा सुरू झाली. मालिकेतली बाहुली, हिला कुठला आवाज, सगळं यंत्राचं काम. तिकडच्या वर्तमानपत्रांनी तिला ‘गाणारा बजी’ असं नाव ठेवलं. बजी म्हणजे आपण पिंजऱ्यात पाळतो आणि उगाच ‘लव्हबर्ड’ म्हणतो ना, ते इवलेसे पोपट. मूळचे ते ऑस्ट्रेलियाचेच. मला हे टोमणे फार ओळखीचे वाटतात. जे ऐकायला सोपं ते करायला सोपं, असं एक गृहीत असतं. मालिकेत काम म्हणजे अभिनय नव्हे, नाचता येण्यासारखं गाणं म्हणजे संगीत नव्हे. बाबा नव्या पोरांना सांगायचे, नट आवळायचा, पिळायचा नाही. कुठं थांबायचं ते बोटांना कळायला चार वर्षं जातात. कायलीचा आवाज लहान आहे, हे मी मान्य करते. पण तिला कुठं थांबायचं ते कळतं. भावना पिळत नाही ती.

सिनेमाबद्दल मात्र तुला खरं सांगते, उगाच भक्तिभावानं नाही. मालिका सोडल्यावर १९८९ मध्ये ‘द डेलिंक्वेंट्स’ आला. पन्नासच्या दशकातलं ऑस्ट्रेलिया, पळून गेलेले दोन कोवळे जीव. ती त्यात वाईट नाही, पण सिनेमाच तिच्या नावाच्या आधारानं चालतो आणि ते आधार देण्याचं वय तिचं नव्हतं. मग १९९४ चा ‘स्ट्रीट फायटर’, व्हिडिओ गेमवरचा, मारामारीचा. तो भाच्याबरोबर पाहिला. भाचा लहान होता, त्याला आवडला. यापुढे काही बोलत नाही. मालिकेतून सिनेमात जाताना जी दरी ओलांडायची असते, ती तिनं ओलांडली असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. गंमत म्हणजे तिलाही ते कळलं असावं. कारण पुढे तिनं लहान-लहान, चमत्कारिक कामं घेतली आणि तिथं ती चमकली. ‘मूलाँ रूज’मध्ये हिरवी परी म्हणून दोन मिनिटं येते, ते आठवतं.

दरम्यान त्या फॅक्टरीतून ती बाहेर पडली होती. आणि १९९५ मध्ये निक केव्ह नावाच्या माणसानं तिला गाण्याला बोलावलं. हा निक केव्हही व्हिक्टोरियाचाच, पण काळे कपडे, काळी गाणी, खून-मरण-देव यांशिवाय बोलणं नाही. त्याच्याबरोबर तिनं ‘व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो’ गायलं. त्यात ती नदीकाठी मारली गेलेली मुलगी आहे. सगळे चकित. मला त्याहून आवडते ती पुढची गोष्ट. १९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कवितावाचन होतं. केव्हनं तिला भरीला पाडलं की तू जा आणि ‘आय शुड बी सो लकी’चे शब्द कविता म्हणून वाच. ज्या गाण्यावरून लोक हसायचे तेच! ती गेली, एकटी उभी राहिली, चाल नाही, ठेका नाही, आणि ते साधेसुधे शब्द गंभीरपणे वाचून दाखवले. लोक हसले, पण यावेळी तिच्याबरोबर. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या जुन्या गाण्याची लाज वाटेनाशी झाली असं म्हणतात. आपल्याला आपली जुनी शाळेची नाटकं आठवली की अजून घाम फुटतो, म्हणून मला हे मोठं वाटतं.

१९९७-९८ ला मात्र पडली. स्वतःच्या मनातलं लिहून तिनं ‘इम्पॉसिबल प्रिन्सेस’ नावाचा अल्बम केला, आणि नेमकी तेव्हाच राजकन्या डायना अपघातात गेली. त्या नावानं ब्रिटनमध्ये काही विकणं शक्यच नव्हतं. अल्बम लांबला, नाव बदललं, खपला नाही. कंपनी सुटली. तिशी आली. ‘संपली’ म्हणून मोकळे झाले सगळे.

आता ती चड्डी.

हसू नकोस, इतिहास आहे तो. २००० साली ‘स्पिनिंग अराउंड’ नावाच्या गाण्यासाठी तिनं सोनेरी रंगाची इवलीशी चड्डी घातली. तिच्या एका मैत्रिणीनं जुन्या बाजारातून पन्नास पेन्सना आणलेली. म्हणजे तेव्हाच्या भावानं पस्तीसेक रुपये. लक्ष्मीपुरीत रविवारी फुटपाथवर पसरलेल्या ढिगातून उचलावी तशी. गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ती चड्डी आता कुठं आहे माहीत आहे? तुझ्या मेलबर्नमध्येच, आर्ट्स सेंटरच्या संग्रहात, कापसात जपून. माझ्या आईची नऊवारी पैठणी कसरीनं खाल्ली आणि ही पन्नास पेन्सची चड्डी सरकारी काळजीत आहे.

त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात ती गायली. पुढच्या वर्षी ते गाणं आलं, जे तूही ऐकलंयस, शपथेवर सांगते. ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’. नाव लक्षात नसेल, पण शब्दांशिवायची ती गुणगुण रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, तुझ्या लेकाच्या मोबाईलच्या रिंगटोनला, सगळीकडे होती. कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस या दोघांनी लिहिलेलं हे गाणं आधी दुसऱ्यांकडे गेलं होतं, त्यांनी नको म्हटलं. हिनं पहिल्या काही सेकंदांतच हवं म्हटलं. चाळीस देशांत ते पहिलं आलं. दुसऱ्यानं टाकलेला सुटा भाग उचलून त्यावर गाडी चालवायची, ही अक्कल गॅरेजातल्या माणसाला कळते.

पुढचं जरा सावकाश सांगते.

मे २००५. जगभर दौरा चालू होता, ऑस्ट्रेलियाचे कार्यक्रम तोंडावर होते, आणि तिला स्तनाचा कर्करोग निघाला. वय छत्तीस. आधी एका डॉक्टरनं काही नाही म्हणून परत पाठवलं होतं, हे तिनं पुढे जाहीरपणे सांगितलं. दौरा थांबला. मेलबर्नला शस्त्रक्रिया, पॅरिसला केमो. त्या बातम्यांच्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलियात मॅमोग्राफीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायकांची संख्या ४० टक्क्यांनी वाढली. डॉक्टरांच्या नियतकालिकांनी त्यावर लेख लिहिले, ‘कायली परिणाम’ असं नावच पडलं. सरकारी पत्रकांनी जे होत नव्हतं ते एका नाचणाऱ्या पोरीच्या आजारपणानं झालं.

माले, त्याच वर्षी आपल्या वर्गातली ती गेली. नाव लिहीत नाही, तुला कळेल. आठ महिने पदराखाली लपवून बसली होती, कुणाला सांगायचं म्हणून. आपण दोघी तिला पाहायला गेलो तेव्हा तिनं आधी आपल्यालाच चहा विचारला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी पेपरात कायलीचा फोटो पाहिला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. आणि मला पहिल्यांदा त्या बाईचा हेवा वाटला. प्रसिद्धीचा नाही. तिचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं, याचा. दुसऱ्या आठवड्यात मी जाऊन तपासून आले. तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

नोव्हेंबर २००६ मध्ये ती सिडनीत पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, अर्धा राहिलेला दौरा पुरा करायला. केस बारीक, पिसांचा शिरपेच तेवढाच मोठा.

आता आपल्या घरचं. २००९ च्या दिवाळीला ‘ब्लू’ आला होता, आठवतो? अक्षयकुमार, संजय दत्त, समुद्राखाली खजिना. तू म्हणालीस मला पाण्याची भीती वाटते, मी येत नाही. मी एकटी गेले. कशासाठी, तर त्यात ए. आर. रहमानच्या चालीवर कायली मिनोग गाते आणि नाचते म्हणून. ‘चिगी विगी’. तिच्याबरोबर सोनू निगमचा आवाज. चित्रीकरणाला ती मुंबईला आली होती. सुरुवातीला सगळं तिचं, इंग्रजी, आणि मग अर्ध्यातून गाणं अचानक भांगड्याचा ठेका धरतं. सिनेमा बघण्यासारखा नव्हता. कोट्यवधी रुपये पाण्यात, शब्दशः. गाणंही रहमानच्या चांगल्या गाण्यांत कुणी धरणार नाही. पण मी थिएटरात बसले होते, आजूबाजूला पोरं शिट्ट्या मारत होती, आणि पडद्यावर ती एक्केचाळीस वर्षांची, आजारातून उठलेली, परक्या देशातल्या परक्या तालावर पाय जुळवत होती, आणि कुठंही ‘मी मोठी आहे’ असं नव्हतं. कामाला आली होती. काम केलं, गेली. माझ्या पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, “ही कोण नवीन?” मला उठून सांगावंसं वाटलं.

सिनेमात तिचं खरं चांगलं काम पाहायचं असेल तर लेकाला ‘होली मोटर्स’ लावायला सांग, लिओस कॅराक्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा, २०१२ चा. सगळा कळणार नाही, मलाही कळला नाही. पण मध्ये एक रात्र आहे. पॅरिसमधलं सामारितेन हे जुनं, बंद पडलेलं मोठं दुकान, मोडके पुतळे पडलेले, आणि रेनकोट घातलेली ही जुन्या प्रियकराला भेटते आणि चालता चालता गाते. ना पिसं, ना चड्डी, ना नाच. आवाज तोच लहानसा. त्या पडक्या दुकानात तो लहान आवाजच शोभतो. मोठ्या गळ्याची गायिका तिथं ओरडल्यासारखी वाटली असती. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या भूमिकांनी जे जमलं नाही ते त्या काही मिनिटांत जमलंय. गाऊ दिलं की तिला अभिनय येतो, असं माझं मत झालं आहे.

बाकीचं भरभर सांगते, माझा हात दुखायला लागला. २०१९ मध्ये ती इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायली. २००५ मध्ये तिथं गायचं ठरलेलंच होतं, आजारामुळे राहिलं, ते चौदा वर्षांनी. बोलताना रडली, निक केव्ह येऊन ‘वाइल्ड रोझेस’चं ते गाणं तिच्याबरोबर म्हणून गेला. लॉकडाऊनमध्ये तू आणि मी कुरडया घालत होतो तेव्हा ती घरी दिवाणखान्यात पडदे-चादरी लावून रेकॉर्डिंगचं तंत्र शिकत होती. ‘डिस्को’ या अल्बमवर तिचं नाव आवाज-मुद्रणासाठीही लागलंय. म्हणजे बावन्नाव्या वर्षी का होईना, पान्हा खरोखरच हातात घेतला. तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला, आणि सलग पाच दशकांत पहिल्या क्रमांकाचा अल्बम देणारी ती पहिली बाई ठरली. २०२३ ला ‘पदम पदम’ आलं. माझी नात दिवसभर ते म्हणत होती आणि शेजारच्या पद्माक्का प्रत्येक वेळी “काय गं?” म्हणून दारात येत होत्या. पदम म्हणजे काळजाची धडधड, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी लगेच बीपीची गोळी घेतली. त्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. पहिलं आणि दुसरं ग्रॅमी यांत वीस वर्षांचं अंतर.

आणि तुझ्या गल्लीत ती परत आली होती, बरं का. २०२२ च्या जुलैत ‘नेबर्स’चा शेवटचा म्हणून जो भाग दाखवला, त्यात शार्लीन आणि स्कॉट गाडीतून रामसे स्ट्रीटला येतात. मी तो रात्री एक वाजता पाहिला. ती फारसं बोलतच नाही. खाली उतरते, इकडंतिकडं बघते. जिथं आठवड्याच्या बोलीवर कामाला आली होती ती गल्ली. मालिका पुढं पुन्हा चालू झाली म्हणा, २०२५ पर्यंत चालली. मालिका सहजी कुठं मरतात?

अजून एक गंमत. ‘कायली’ हा शब्द मूळचा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा. अर्थ, फेकला की परत येणारं ते वाकडं लाकूड, बूमरँग. आईबापांनी ठेवताना एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. तुझं नाव मालती ठेवलं, तुला कुठं फुलं आवडतात?

तर आता काम सांगते. पंच्याहत्तरची ट्राम पुन्हा धरशील तेव्हा त्या गल्लीचा एक फोटो मला हवा, पण तू मध्ये उभी नको राहूस. शार्लीन २४ नंबरच्या घरात राहायची. खऱ्या घरांचे नंबर वेगळे आहेत, म्हणून सुनेला विचार, तिला ठाऊक असणारच, तिनंच तर नेलं तुला. त्या घरापुढं गाडी लावायची जागा आहे, तेवढीच हवी. रिकामी. लोक राहतात तिथं, आत डोकावू नकोस. आणि आर्ट्स सेंटरला गेलीस आणि चड्डी मांडलेली असली, तर तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घे. हा मात्र तुझ्यासकटच हवा.

दादाची कॅसेट अजून आहे. फीत आत अडकते, पेन्सिल घालून फिरवावी लागते, पण बाजू दुसरी वाजते. गॅरेजच्या जागेवर आता मोबाईलचं दुकान आहे, हे तुला माहीतच आहे. परवा तिथल्या पोराला विचारलं, एखादी पोरगी ठेवतोस का रे हाताखाली, सोल्डरिंग शिकेल. तो म्हणाला, कोण आहे काकू, तुमच्या ओळखीची? मी म्हटलं, बघते.

नातीला पापा. थंडी असली तर डोक्याला रुमाल बांध, तिकडं कोण बघतंय.

तुझीच,
शकू

ता. क. : सुनेला सांग, तिनं दाखवलं ते कोर्ट मला फार आवडलं. पुढच्या वेळी मात्र ‘गल्लीत गेलो’ असं लिहायला सांग.